कशाखाली टाकू?

त्या उन्हाळ्यात माझ्याकडे दोन कामं होती आणि दोन्हीकडची माणसं मला एकाच गोष्टीवरून छळत होती. दोन भाषांची नावं सारखी दिसली, एखादा शब्द सारखा ऐकू आला, की यांच्या लेखी सोयरीक पक्की! घर बघायचं नाही, माणसं बघायची नाहीत, थेट साखरपुडा.

पहिलं काम पोटापाण्याचं. नाशिकमधले एक प्रकाशक शाळांसाठी जगातल्या भाषाकुलांवर छोट्या पुस्तिका काढत होते. आपलं मराठी-हिंदीचं कुल एका प्राध्यापकांना गेलं, द्राविडी कुल दुसऱ्यांना, आणि कोणालाच नको असलेलं ऑस्ट्रोनेशियन कुल माझ्या गळ्यात पडलं. भाषाशास्त्र मी शिकलेली आहे, पण शिकायच्या वर्षांतला बराच वेळ पत्रकं लिहिण्यात आणि चौकाचौकात वाटण्यात गेला. पत्रकात वाक्य छोटं ठेवायचं, मागणी एकच ठेवायची आणि समोरच्याला पळायला वाट ठेवायची नाही. तीच सवय घेऊन मी पुस्तिकेला बसले.

मला ते कुल आवडायला लागलं, हे कबूल करते. एका टोकाला आफ्रिकेजवळचं मादागास्कर, दुसऱ्या टोकाला दक्षिण अमेरिकेच्या वाटेवर समुद्रात एकटं पडलेलं बेट, आणि मधे मलाय, फिलिपिन्स, फिजी, सामोआ, हवाई. होड्यांतून गेलेल्या माणसांच्या भाषा. डोळ्याला मलायात ‘माता’, फिजीत ‘माता’, सामोआत ‘माता’, हवाईत मात्र ‘माका’. तीनला सामोआत ‘तोलू’, हवाईत ‘कोलू’. म्हणजे सामोआत जिथे ‘त’ तिथे हवाईत ‘क’, आणि हे एकदा नाही, शब्दामागून शब्द. नातं असं शोधतात. कानाला काय सारखं वाटतं त्याला किंमत नाही. फरक शिस्तीत पडतो का, ते बघायचं.

पुढची पायरी फांद्यांची. दोन चुलत भावंडांना आजोबांचं नाक मिळालं, एवढ्यावरून ती दोघं एका घरातली ठरत नाहीत. ते नाक सगळ्याच चुलत्यांकडे असतं. पण बाकी कोणात नाही अशी एखादी नवीच खोड दोघांना असेल, तर ती एका घरात वाढली असं म्हणायला जागा आहे. या हिशेबाने पाहिलं तर, बहुतेक अभ्यासकांच्या मते, या कुलाच्या जवळजवळ सगळ्या मुख्य फांद्या एकट्या तैवानच्या बेटावर आहेत, आणि तैवानबाहेरचा सगळा पसारा मिळून एकच फांदी होते. एवढा मोठा समुद्र एका फांदीवर, आणि एकाच डोंगराच्या दोन अंगांची गावं दोन वेगळ्या फांद्यांवर! हे वाक्य मी ठळक टाइपात टाकलं होतं.

“माता म्हणजे डोळा?” संपादक सरांनी प्रूफवरून चष्मा वर केला. “हे तर आपलंच निघालं. संस्कृत.”

“नाही सर. आपली माता म्हणजे आई. त्यांची माता म्हणजे डोळा. योगायोग आहे.”

“आई मुलावर डोळा ठेवते. अर्थ जुळतोय की.”

“सर!”

“बरं, हे बघा. मलायात भाषेला ‘बहासा’ म्हणतात, तुम्हीच लिहिलंय. भाषा, बहासा. आता बोला.”

“तो शब्द त्यांनी आपल्याकडून घेतलाय. शेजारणीकडून विरजण आणलं म्हणून तिचं घर आपलं माहेर होत नाही, सर.”

“तुम्ही फार चिडता बुवा. एक चौकट टाका, ‘संस्कृतच्या दूरदेशीच्या लेकी’. शाळा उड्या मारून घेतील.”

तीन प्रुफांत ती चौकट तीनदा आली. तीनदा मी ती खोडली.

दुसरं काम पोटापाण्याचं नव्हतं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ गावाच्या पुढे एका पाड्यावरच्या शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्या स्वतः तिथल्याच, कोकणा या आदिवासी समाजातल्या. घरी, शेतात, बाजारात तिथली माणसं जे बोलतात ते गोव्याचं कोकणी नाही आणि आपलं शाळेतलं मराठीही नाही. ती त्यांची स्वतःची भाषा आहे. शाळेत पाऊल टाकलं की पोरांच्या कानावर पडतं ते मात्र पुस्तकातलं मराठी.

“दिवाळीपर्यंत चार-पाच पोरं यायची बंद होतात, ताई,” बाई मला पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या. “मी मारत नाय, रागवत नाय. मी पुस्तक उघडलं की त्यांचे चेहरे बंद होतात. मागच्या वर्षी एक पोरगी मला म्हणाली, बाई, पुस्तक ठेवून द्या, मग बोला.”

म्हणून बाईंनी स्वतः एक पुस्तक तयार केलं. बत्तीस पानं. पोरांच्या तोंडचे शब्द, पोरांच्या घरातल्या वस्तू: नागलीची भाकरी, नदीतले खेकडे, वरईचं शेत. चित्रं त्यांच्या भाच्याने काढली होती. मुलांच्या घरच्या भाषेत पहिलीची पुस्तकं छापून देणारी एक योजना तेव्हा सुरू होती. आमच्या भाषा-हक्काच्या गटाने त्यासाठी पत्रकं काढली होती आणि अर्ज भरायला मी मदत करत होते. अर्जात एक रकाना होता, ‘भाषेचे नाव’.

आणि इथेच माती खाल्ली. मीच.

बाईंनी फोनवर सरळ विचारलं होतं, “ताई, कोकणा लिहू का कोकणी?”

“तुमच्याकडे लोक काय म्हणतात?”

“म्हातारी माणसं कोकणीच म्हणतात. आमी कोकणी, आमची कोकणी. जातीच्या दाखल्यावर कोकणा असतं.”

“मग कोकणीच लिहा! दाखल्यावरचं नाव सरकारचं. तोंडातलं नाव लोकांचं.”

“पण ते गोव्याचं—”

“बाई, तुमचं नाव दुसऱ्या कोणाचं आहे म्हणून तुम्ही बदलता का?”

फोन ठेवल्यावर मला माझंच वाक्य इतकं आवडलं की पुढच्या पत्रकाचा मथळा मी तोच केला. माझ्या आईचं माहेर सटाण्याकडचं, घरात अहिराणी. कॉलेजात फोनवर ‘काय शे?’ म्हटलं की मुली खिदळायच्या. तेव्हापासून नाव लपवणाऱ्यांची मला चीड आहे. पण ती चीड मी बाईंच्या रकान्यात भरली, हे तेव्हा सुचलं नाही.

एप्रिलच्या शेवटी बाईंचा फोन आला. “ताई, पुस्तकं आली.”

“इतक्या लवकर? अहो, ग्रेटच!”

“माझं नाय आलं. गोव्याचं आलं.”

खोकंभर पुस्तकं. छपाई सुंदर, चित्रं सुंदर, आणि गोव्याच्या पहिलीतल्या मुलासाठी अगदी योग्य. त्या पुस्तकाशी माझं भांडण नाही. बाईंनी फोनवर पहिलं पान वाचलं. मुलाला ‘चलो’. पेठकडे मुलाला पोसा म्हणतात. मासळीला ‘नुस्तें’. पाण्याला ‘उदक’. पेठकडच्या पोरांनी पाण्याला उदक म्हटलेलं मी ऐकलं नाही. पूजेला बसलेल्या भटजींनी म्हटलेलं ऐकलंय.

खोक्यात एक पत्रही होतं. कोकणी भाषेत तयार साहित्य उपलब्ध असल्याने नव्या छपाईची आवश्यकता दिसत नाही. सोबत बाईंची बत्तीस पानं, जशीच्या तशी परत. छपाईची यादी महिनाअखेरीला वर जाणार होती. त्यात नाव नसेल तर जूनमध्ये पहिलीला बसणारी पोरं पुन्हा त्याच बंद चेहऱ्यांनी बसणार.

दुसऱ्या दिवशी बाई पहिल्या बसने नाशिकला आल्या. सीबीएस स्टँडवर उतरल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत त्यांची वही आणि गोव्याचं एक पुस्तक होतं. माझ्या पिशवीत भाषाकुलाचं प्रूफ होतं. आपण काय पुरावा घेऊन चाललोय, या विचाराने मी वाटेत खूश होते. आता आठवलं की डोकं धरावंसं वाटतं.

योजनेच्या कार्यालयातला साहेब माणूस वाईट नव्हता, आणि तेच जास्त त्रासाचं असतं. वाईट माणसावर ओरडता येतं. याने आम्हाला बसायला सांगितलं, कूलर आमच्याकडे वळवला, चहा मागवला. मग म्हणाला, “मॅडम, तुम्हीच कोकणी लिहिलंय. आम्ही कोकणी पुस्तकं दिली. आमचं काय चुकलं?”

“नाव एक आहे, भाषा एक नाही.”

“असं कसं?”

आणि मी प्रूफ काढलं! शिकवल्याशिवाय मला राहवत नाही. मी त्याला मादागास्कर दाखवलं, सामोआ दाखवलं, त आणि क दाखवले. भाषांची नाती नावावरून ठरत नाहीत, शब्दांतल्या नियमित बदलांवरून ठरतात, हे मी त्याला अर्धा तास सांगितलं. तो खरंच मन लावून ऐकत होता. बोटाने नकाशावर समुद्र ओलांडत होता.

“म्हणजे हे सगळं,” त्याने मादागास्करवरून बोट उचलून हवाईवर ठेवलं, “एका घरातलं?”

“एका कुलातलं. हो.”

“एवढा समुद्र मधे असून?”

“हो!”

“मग मॅडम,” तो खुर्चीत मागे टेकला, “एवढ्या लांबचे लोक एका घरात राहतात, आणि तुम्हाला पेठ आणि गोवा एकत्र चालत नाही?”

एक कुल म्हणजे एक भाषा नव्हे, पेठ आणि गोवाही एकाच कुलातले आहेत, मराठीही आहे, पंजाबीही आहे, मग पहिलीला पंजाबी पुस्तक द्या की! हे सगळं मी बोलले, पण इतक्या चढ्या आवाजात की त्याला फक्त पंजाबी ऐकू आलं.

“पंजाबीची मागणी आलेली नाही,” तो म्हणाला.

चहा घेऊन आलेल्या शिपाईमामांकडे बघून बाईंनी विचारलं, “मामा, तुम्ही कुठले?”

“करंजाळीकडचा. पेठच्या रस्त्याला.”

“मग हे ऐका बरं.” बाईंनी गोव्याचं पुस्तक उघडलं आणि एक ओळ वाचली, “उदक हाड.”

मामा थांबले. “हाड? कुत्रं आलंय का?”

“पाणी आण, असं आहे ते.”

“मग पाणी आण म्हना ना! कुत्र्यागत काय हाकलता मानसाला!”

साहेब हसला. मामाही हसले. बाईंनी मग स्वतःच्या वहीतलं एक पान वाचलं, खेकडे धरायला गेलेल्या पोरांचं. मामा ट्रे हातात धरून शेवटपर्यंत उभे राहिले आणि म्हणाले, “पुढं काय झालं? धरला का?”

माझ्या अर्ध्या तासाने जे झालं नाही ते एका खेकड्याने केलं. साहेब कॉम्प्युटरकडे वळला. “ठीक आहे. दुरुस्ती करू. पण एक अडचण आहे. कार्यालयाची चूक म्हटलं तर फाइल वर जाणार. वरून केव्हा येईल ते मी सांगू शकत नाही. अर्जदाराची चूक म्हटली तर इथल्या इथे होतं.”

“चूक यादीची आहे,” मी म्हणाले. “एकाच नावाच्या दोन भाषा असू शकतात हे तुमच्या यादीला माहीत नाही. आम्ही का लिहून द्यायचं?”

“नका देऊ. जाऊ दे मग वर.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, त्या नुसत्या थांबल्या होत्या. आजवर मी ‘निषेध’, ‘धिक्कार’, ‘जाहीर सवाल’ असलं बरंच लिहिलंय. ‘माझ्या चुकीमुळे’ कधी लिहिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर चूक निम्मी माझीच होती, म्हणून ते जास्त जड गेलं. मी लिहिलं. ‘माझ्या चुकीमुळे भाषेचे नाव कोकणा ऐवजी कोकणी असे नमूद झाले.’ अर्ज भरून देणारी म्हणून खाली सही केली. साहेबाने ते वाचून ‘कोकणा ऐवजी’ जोडून लिहायला लावलं, ‘कोकणाऐवजी’! शुद्धलेखन!

त्याने टाइप केलं, एंटर दाबलं, आणि मान हलवली. “घेत नाही. कशाखाली टाकू?”

“म्हणजे?”

“नवीन नाव घालायचं तर ते कुठल्यातरी मोठ्या भाषेखाली घालावं लागतं. मराठी, कोकणी, गुजराती, भिली, इतर. इतर केलं तर छपाईच्या यादीत येत नाही. गुजराती टाकू? डांग तिकडेच आहे ना?”

“माझी बहीण डांगात दिलीय,” बाई म्हणाल्या. “ती हेच बोलते. तिला तिकडे गुजरातीखाली टाकत असतील.”

“मग मराठी?”

“एक मिनिट,” मी उभी राहिले. “कोणाच्याच खाली नाही. शेजारी म्हणा. वेगळी ओळ करा. यांची भाषा मराठीची कोणी मोलकरीण नाही!” हे माझं खरं मत आहे. अहिराणीबद्दल आहे, कोकणाबद्दल आहे, सगळ्यांबद्दल आहे. याच मुद्द्यावर मी भर चौकात माईक धरलेला आहे. “झाड म्हणजे काय खाली-वर असतं का? फांद्या शेजारी शेजारी असतात. तुमच्या यादीत—”

“टाका साहेब,” बाई म्हणाल्या. “मराठीखाली टाका. पुस्तकं कधी मिळतील?”

त्याने टाकलं. यादीत नाव आलं. दहा सेकंदांचं काम.

बाहेर आल्यावर मी बोलायचीच थांबत नव्हते. बसस्थानकापर्यंत बोलले, उसाच्या रसाच्या गाड्यावर बोलले. आज मराठीखाली गेलात, उद्या म्हणतील बोलीच तर आहे, परवा म्हणतील बोलीला कशाला पुस्तक! बाईंनी रस संपवला, ग्लास ठेवला.

“ताई, तुमचं बरोबर हाय.”

“मग?”

“मग काय. तुमचं बरोबर हाय, आणि माझ्याकडं जूनमध्ये पोरं हायत. तुम्ही भांडा. मी भांडू नका म्हणते का? पण माझ्या वहीवर बसून नका भांडू.”

पेठची बस लागली आणि त्या गेल्या. मी तशीच प्रकाशकांकडे गेले, कारण चौकट चौथ्यांदा आली होती. त्या दिवशी सरांशी मी जे भांडले ते भांडण निम्मं सरांचं नव्हतं.

पुस्तक जूनमध्ये आलं नाही, ते कोण वेळेवर देतंय! शाळा सुरू होऊन बरेच दिवस झाले, सावळघाटात धुकं उतरलं, तेव्हा आलं. आतल्या पानावर बारीक अक्षरात ‘मराठी (कोकणा बोली)’. मी ते फोटोत पाहिलं आणि पत्रकाचा मजकूर डोक्यात तयार व्हायला लागला. तेवढ्यात बाईंचाच फोन.

“ताई, शनिवारी सकाळची शाळा हाय. येताल का? काळं पेन घेऊन या. बारीक टोकाचं.”

“कशाला?”

“छापताना कोणीतरी सुधारलंय. ‘नीही’चं सगळीकडं ‘नाही’ केलंय.”

पेठकडे ‘नाही’ला ‘नीही’ म्हणतात. कुठल्यातरी टेबलावर बसलेल्या कुठल्यातरी शहाण्याला ती मुद्रणाची चूक वाटली, आणि त्याने मोठ्या मनाने ती काढून टाकली. एकही सुटली नव्हती. कामात इतकी निष्ठा मी त्याआधी कुठल्या कार्यालयात पाहिली नव्हती!

“बाई, मी आत्ताच्या आत्ता पत्र लिहिते. सगळ्या प्रती परत घ्यायला लावू. पुन्हा छापायला लावू!”

“नका. परत गेली तर येत नायत. मी काल पोरांना वाचून दाखवलं. सगळं कळलं त्यांना. हसत होती, पुढचं पान पलटा म्हणत होती. ‘नाही’ आलं की तेवढ्याला थांबायची. एक जण म्हणाला, बाई, इथं पुस्तक परत शाळेतलं झालं. मी करून बघितलं. ‘ना’च्या कान्यावर नुसती वेलांटी ओढायची. ‘नी’ होतो. एक रेघ बास.”

शनिवारी मी गेले. वर्गात सतरंजीवर पुस्तकांचे दोन गठ्ठे होते, झालेल्यांचा आणि व्हायच्यांचा. पोरं मधल्या सुट्टीत बाहेर पळाली होती. आम्ही दोघी समोरासमोर बसून कान्यांवर वेलांट्या ओढायला लागलो. पहिलं पुस्तक मी रागात केलं. पेन दाबून, ठसठशीत, मागच्या पानावर उमटेल अशी. ज्याने खोडलं त्याला दिसू दे!

बाईंनी ते पुस्तक उचललं, पान डोळ्यांजवळ धरलं आणि माझ्यासमोर परत ठेवलं.

“ताई, ही नाय चालायची. वेलांटी छापल्यासारखी काढा.”

“का? आपण दुरुस्त केलंय हे कळलं तर काय बिघडलं?”

“पोरांना कळायला नको ना. पुस्तकातच तसं हाय, असं वाटलं पाहिजे.”

मी पेन हलकं धरलं आणि पुढचं पुस्तक ओढलं.